ती खोली पुन्हा उघडा

माननीय वैद्यकीय अधीक्षक आणि त्वचारोग विभागातील वरिष्ठ डॉक्टर,

सविनय नमस्कार.

गेल्या महिन्यात तपासणीला आले तेव्हा आपल्या त्वचारोग विभागातल्या टोकाच्या खोलीला कुलूप होतं आणि दारावर एक कागद डकवलेला होता. 'औषध लावण्याबाबतचे मार्गदर्शन बंद करण्यात आले आहे. माहितीपत्रक नोंदणी खिडकीवर मिळेल.' दोन ओळी आणि शिक्का. चौकशी केल्यावर कळलं की त्या खोलीत तपासणी होत नाही, इंजेक्शन दिलं जात नाही, त्यामुळे ती उपचारांत मोडत नाही. आणि तिथल्या सिस्टरची गरज दुसऱ्या वॉर्डात जास्त आहे.

रुग्णालयाचं नाव मी इथे घालत नाही. हे पत्र कोणाला आहे ते आपल्याला कळेल. जाहीर एवढ्यासाठी लिहिते आहे की अशी खोली जिथे कधी नव्हतीच, तिथल्या रुग्णांनाही आपण काय मागायला हवं ते कळावं.

मला २२ वर्षांपासून सोरायसिस आहे. माझा मुलगा नऊ वर्षांचा आहे आणि त्याला चार महिन्यांचा असल्यापासून ॲटॉपिक इसब आहे. एका घरात दोन आजार, आणि दोन्ही मुक्कामाला आलेले. ते कायमचे जाणार नाहीत हे मी केव्हाच मान्य केलं आहे. पण ते आटोक्यात राहतात, महिनोन् महिने शांत राहतात, हे मला त्या खोलीत कळलं. त्याआधीची १४ वर्षं मी औषधं आणत होते, लावत होते आणि तरी चट्टे वाढत होते.

पहिल्यांदा तिथे गेले तो दिवस सांगते. सिस्टरनी माझी ट्यूब मागून घेतली. माझी तर्जनी सरळ धरायला लावली आणि टोकापासून पहिल्या पेराच्या रेषेपर्यंत मलमाची एक सरळ पट्टी काढली. "ताई, हे किती जागेला पुरेल?" मी म्हटलं, दोन्ही पायांना. त्या हसल्या नाहीत. त्यांनी आपले दोन्ही हात बोटं जुळवून माझ्या नडगीवर शेजारी शेजारी ठेवले. "एवढ्याला. दोन तळव्यांइतक्या जागेला." मग त्यांनी माझे चट्टे तळव्यांनी मोजले. दोन नडग्या, दोन कोपरं, कमरेचा पट्टा मिळून बारा तळवे. म्हणजे एका वेळेला सहा बोटं मलम. मी लावत होते एक.

हे माप त्यांनी मनाने काढलेलं नव्हतं. त्याला फिंगरटिप युनिट म्हणतात आणि १९९१ पासून ते वैद्यकीय साहित्यात आहे. मोठ्या माणसाच्या बोटावरची ती पट्टी सुमारे अर्ध्या ग्रॅमची भरते. एका हाताला, पंजा सोडून, तीन पट्ट्या लागतात. एका पायाला, पाऊल सोडून, सहा. चेहरा आणि मान मिळून अडीच. माझ्या सहा बोटांचे झाले तीन ग्रॅम. १५ ग्रॅमची ट्यूब पाच दिवसांत संपायला हवी होती. मी ती सहा आठवडे पुरवत असे आणि काटकसरीचं समाधानही मानत असे. माझ्या केसपेपरवर या १४ वर्षांत कितीदा तरी लिहिलं गेलं की औषध लागू पडत नाही, आणि दरवेळी आधीच्यापेक्षा कडक औषध आलं. कोणी विचारलं नाही की किती लावता. मलाही सांगायचं सुचलं नाही, कारण हे विचारण्यासारखं काही असतं हेच ठाऊक नव्हतं.

म्हणून माझी पहिली तक्रार आपल्या त्या एका वाक्याबद्दल आहे : ती खोली उपचारांत मोडत नाही.

या आजारांचा उपचार होतो कुठे? निरोगी त्वचेत तळाच्या थरात जन्मलेली पेशी वर येऊन गळून पडायला साधारण महिना घेते. सोरायसिसमध्ये शरीराची संरक्षण यंत्रणा चुकीचे इशारे देत राहते आणि तोच प्रवास काही दिवसांत उरकतो. कच्च्या पेशींचे थर साचतात, त्याची रुपेरी खपली होते. इसबाची तऱ्हा वेगळी. तिथे त्वचेच्या भिंतीचा गिलावाच कमकुवत असतो. फिलॅग्रिन नावाच्या प्रथिनाच्या जनुकातला दोष हे त्याचं एक मोठं कारण असल्याचं २००६ मध्ये दाखवलं गेलं. भिंतीतून पाणी निसटतं, बाहेरचं नको ते आत शिरतं, आणि आतली दाहाची आग पेटती राहते. चट्टा डोळ्यांना दिसेनासा झाला तरी ती आग आत काही काळ धुमसतेच. म्हणून आंघोळीनंतर अंग ओलसर असतानाच मॉइश्चरायझर लावायचं, चट्टा नसतानाही लावायचं, आणि वारंवार उसळणाऱ्या जागी डॉक्टरांनी सांगितलं असेल तर आठवड्यातून दोन दिवस औषध चालू ठेवायचं. हे सगळं रोज घरी, आमच्या हातांनी होतं. डॉक्टरांसमोर मी वर्षातून सहा वेळा, दरवेळी काही मिनिटं असते. उरलेलं वर्ष हे हातच डॉक्टर असतात. त्यांना शिकवण्याची जागा उपचारांबाहेर कशी ठरते, हे मला समजावून सांगावं.

दुसरी तक्रार खिडकीवरच्या माहितीपत्रकाबद्दल. मी ते घरी नेऊन नीट वाचलं.

त्यात पहिलीच सूचना आहे : 'औषधाचा पातळ थर लावावा.' हेच दोन शब्द मला १४ वर्षं भोवले. पातळ म्हणजे किती? प्रत्येक जण आपल्या भीतीइतका पातळ थर लावतो. त्याच पानावर पुढे या मलमांतल्या स्टेरॉइडच्या दुष्परिणामांची यादी आहे. त्वचा पातळ होते, रक्तवाहिन्या दिसू लागतात, ताणाचे व्रण उमटतात. एकही गोष्ट खोटी नाही. पण कोणतं स्टेरॉइड, कोणत्या जागी, किती दिवस लावल्यावर, याचा अवाक्षराने उल्लेख नाही. सौम्य हायड्रोकॉर्टिसोन आणि अतितीव्र क्लोबेटासॉल यांच्या ताकदीत काहीशे पटींचं अंतर आहे, तरी पत्रकात दोघांना एकच नाव आणि एकच धाक. ते वाचून घाबरलेली आई तिसऱ्या दिवशी औषध बंद करते आणि मूल पुन्हा रात्रभर खाजवतं. मी स्वतः तसं केलेलं आहे. दुसरीकडे, कोपरासाठी दिलेलं कडक मलम कोणी लवकर फरक दिसतो म्हणून चेहऱ्यावर महिनोन् महिने लावतं. पापणीची त्वचा किती नाजूक आणि तळपायाची किती जाड, हे त्याला कोणी सांगितलेलं नसतं. मग चेहरा लाल होतो, जळजळतो, बारीक पुटकुळ्यांनी भरतो, आणि मलम थांबवलं की आणखी भडकतो, म्हणून तो ते पुन्हा लावतो. एक औषधाला घाबरून बुडतो, दुसरा औषधावर भाळून. दोघांनाही त्या खोलीत वीस मिनिटं बसवलं असतं तर दोघेही वाचले असते.

सोरायसिसमध्ये स्टेरॉइडच्या गोळ्या किंवा इंजेक्शनं घेऊन अचानक थांबवली तर आजार उसळून पूयुक्त, गंभीर रूप घेऊ शकतो. जिवावर बेतणाऱ्या या गोष्टीला पत्रकात जागा मिळालेली नाही.

आणि पत्रकातले फोटो. सहाच्या सहा गोऱ्या त्वचेचे. मजकूर सांगतो, लाल चट्टे दिसल्यास संपर्क साधा. माझा मुलगा सावळा आहे. त्याचं इसब लाल कधी दिसलंच नाही. ते तपकिरी दिसतं, कधी जांभळट, कधी राखाडी, आणि बऱ्याचदा नुसतेच बारीक खरखरीत दाणे असतात. तो दोन वर्षांचा असताना एका ठिकाणी मला सांगितलं होतं की लाली नाही, म्हणजे सौम्यच आहे. त्या वेळी त्याच्या गुडघ्यांमागची त्वचा चिरलेली होती आणि चादरीवर रोज सकाळी रक्ताचे ठिपके असत. गडद त्वचेत लाली झाकली जाते. तिथे हात लावून पाहावं लागतं, ऊब, जाडी, खरखर बोटांना कळते. हे सिस्टरनी मला शिकवलं, माझं बोट धरून त्याच्या पाठीवरून फिरवलं आणि विचारलं, "इथे काय लागतं? आणि इथे?" चट्टा उमटायच्या आदल्या दिवशी तो आता मला बोटांनी कळतो. छापील कागद हे कसं शिकवणार?

त्याच खोलीत माझ्या मुलाला खाजेशी कसं वागायचं ते कळलं. "खाजवू नकोस" असं आम्ही त्याला दिवसातून पन्नास वेळा सांगत होतो. सिस्टरनी एकदाही सांगितलं नाही. त्या म्हणाल्या, "बाळा, खाज आली की तिथे तळवा दाबून धर आणि वीसपर्यंत मोज. नाही थांबली तर थंड ओलं फडकं ठेव. मग मला सांग किती आकडे लागले ते." मुलाला तो खेळ वाटला. खाजवल्याने त्वचा फाटते, फाटल्याने दाह वाढतो, दाहाने खाज वाढते. या चक्रातून बाहेर पडायला मनाईचा उपयोग होत नाही, हाताला दुसरं काम द्यावं लागतं. मॉइश्चरायझर डब्यातून बोटांनी न काढता स्वच्छ चमच्याने काढायचं, म्हणजे डब्यात जंतू जात नाहीत. ते चोळायचं नाही, केसांच्या दिशेने वरून खाली ओढायचं, नाहीतर केसांच्या मुळाशी पुटकुळ्या येतात. पॅराफिन असलेलं मलम कपड्यांत मुरलं की ते कपडे चटकन पेट घेतात, म्हणून विस्तवाजवळ जपायचं. मला त्यांनी खपल्या घासून काढायची सवय सोडायला लावली. सोरायसिसमध्ये त्वचेला जिथे इजा होते तिथे नवा चट्टा उठू शकतो, हे कोबनर या जर्मन डॉक्टरांनी सुमारे दीडशे वर्षांपूर्वी नोंदवून ठेवलं आहे. आणि मी रोज अंघोळीत दगडाने नडग्या घासत होते.

तिसरी तक्रार माझ्यासाठी सगळ्यांत मोठी आहे. त्या खोलीत आम्हाला बोलायला वेळ मिळायचा, आणि बोलताना जे निसटून बाहेर यायचं ते कधी कधी फार मोलाचं असायचं.

पाच वर्षांपूर्वी सिस्टर माझ्या नखांकडे बघत होत्या. नखांवर सुईने टोचल्यासारखे बारीक खड्डे होते. त्यांनी सहज विचारलं, "सकाळी बोटं आखडतात का हो?" मी म्हटलं, आखडतात, तासभर तरी मूठ वळत नाही, आता वय झालं. मी तेव्हा ४१ वर्षांची होते. हे मी डॉक्टरांना सांगितलं नव्हतं, कारण हा त्वचेचा विभाग आहे, इथे सांध्यांचं काय सांगायचं असं वाटायचं. सिस्टरनी मला त्याच पावली परत डॉक्टरांकडे नेलं. निदान निघालं सोरायटिक संधिवाताचं. सोरायसिस असलेल्यांपैकी तीस टक्क्यांपर्यंत लोकांना तो होऊ शकतो, आणि सांध्याची झीज एकदा झाली की भरून येत नाही. माझी वेळेत थांबली. आज हे पत्र मी या बोटांनी लिहिते आहे.

तेव्हा त्या संधिवातासाठी मेथोट्रेक्सेट नावाचं औषध सुरू झालं. ती गोळी आठवड्यातून एकदाच घ्यायची असते. कोणी चुकून रोज घेतली तर जीव जाऊ शकतो. औषधाच्या कागदावर तसं लिहिलेलं होतं, बारीक अक्षरात. सिस्टरनी माझ्याकडून वार ठरवून घेतला, पाकिटावर जाड पेनाने लिहिला आणि मला तीनदा मोठ्याने म्हणायला लावला. त्या वेळी मला जरा अवघडल्यासारखं झालं होतं. आता ती गोळी नव्याने सुरू होणाऱ्या माणसाकडून वार कोण म्हणवून घेतं?

बगलेत, जांघेत वारंवार गाठी येऊन फुटणाऱ्या हिड्राडेनायटिसच्या रुग्णांना योग्य निदान मिळायला सरासरी सात ते दहा वर्षं लागतात असं अनेक देशांतल्या अभ्यासांतून दिसलं आहे. लाज हे त्याचं एक मोठं कारण. दहा माणसांच्या देखत, पडदा अर्धवट ओढलेल्या तपासणीच्या टेबलावर कोणी ते दाखवत नाही. बंद दाराच्या खोलीत दाखवतं.

चौथी गोष्ट मनाची. त्या खोलीत दर सहा महिन्यांनी दहा प्रश्नांचा एक कागद भरून घेत असत. त्वचेच्या आजाराने जगण्यावर काय परिणाम झाला ते मोजणारी ही प्रश्नावली १९९४ मध्ये प्रसिद्ध झाली आणि जगभर वापरली जाते. गेल्या आठवड्यात त्वचेमुळे लाज वाटली का, कपडे निवडताना विचार करावा लागला का, कामात अडथळा आला का, जवळच्या माणसाशी संबंधांत अडचण आली का. शून्य ते तीस गुण, आणि दहाच्या वर गेले तर परिणाम फार मोठा मानतात. माझे पहिल्यांदा १९ आले. त्याआधी मी कोणालाही, नवऱ्यालाही, सांगितलं नव्हतं की मी सहा वर्षं उन्हाळ्यातही पूर्ण बाह्यांचे कपडे घालते आहे. कागदावरचा आकडा पाहून डॉक्टरांनी माझं औषध बदललं. चट्टे तेवढेच होते. आकड्याने त्यांना कळलं की ते मला केवढे होते.

मुलाच्या शाळेत एका खेळात कोणी त्याचा हात धरेना. सिस्टरनी विभागाच्या कागदावर चार ओळी लिहून दिल्या की हा आजार स्पर्शाने पसरत नाही, आणि खाली डॉक्टरांची सही घेतली. बाईंनी तो कागद वर्गात वाचला. त्या चार ओळींनी जे काम केलं ते कोणत्याही मलमाने केलं नसतं. जागतिक आरोग्य परिषदेने २०१४ मध्ये सोरायसिसबद्दल ठराव केला, त्यात रुग्णांना सोसाव्या लागणाऱ्या हेटाळणीचा उल्लेख आहे. २०२५ मध्ये तर सगळ्याच त्वचारोगांना जागतिक आरोग्याच्या अग्रक्रमात घेणारा ठराव झाला. आणि त्याच काळात इथे दारावर कुलूप लागलं.

मला आपल्या डॉक्टरांबद्दल तक्रार नाही. बाहेरच्या बाकांवर किती माणसं बसलेली असतात ते मी बघते. एका सकाळीत एवढ्यांना तपासणारा डॉक्टर बोटावर मलम काढून दाखवू शकत नाही, हे मला कळतं. म्हणूनच ती खोली होती. एक सिस्टर, एक टेबल, एक बेसिन, आठवड्यातले दोन दिवस.

त्या दिवशी कुलूप पाहून मी बाकावर बसले तेव्हा शेजारी एक तरुण मुलगी पाच महिन्यांच्या बाळाला घेऊन बसली होती. बाळाचे गाल खरखरीत, ओले. तिच्या हातात नवी ट्यूब आणि ते माहितीपत्रक. तिने मला विचारलं, "पातळ थर म्हणजे केवढा?" मी माझी तर्जनी पुढे केली, पेर दाखवलं, आणि मग थांबले. ते माप मोठ्या माणसाच्या अंगाचं आहे. पाच महिन्यांच्या बाळाच्या गालांना किती लागतं ते मला सांगता येईना. चुकीचं सांगायची माझी हिंमत झाली नाही. मी तिला म्हटलं, आत जाऊन पुन्हा विचार. तिने रांगेकडे पाहिलं आणि ट्यूब पिशवीत टाकली.

माझ्या मागण्या अशा :

१. मार्गदर्शनाची खोली पूर्वीसारखी आठवड्यातून दोन दिवस सुरू करावी आणि तिथे त्वचारोगांचं प्रशिक्षण घेतलेल्या सिस्टरच नेमाव्यात. किमान पहिल्यांदा निदान झालेल्या प्रत्येक रुग्णाला आणि प्रत्येक लहान मुलाच्या पालकांना तिथे पाठवल्याशिवाय घरी सोडू नये.

२. माहितीपत्रकातून 'पातळ थर' काढून बोटाच्या पट्टीचं चित्र आणि वयानुसार मापं द्यावीत. सगळ्या वर्णांच्या त्वचेचे फोटो छापावेत.

३. औषधाच्या कागदावर कोणती जागा, किती बोटं, किती दिवस आणि नंतर कसं कमी करायचं, हे चारही लिहावं. आणि तेवढं पुरेल इतकं औषध द्यावं. अंगभर इसब असलेल्याला मॉइश्चरायझर आठवड्याला २५० ते ५०० ग्रॅम लागतं. त्याच्या हातात ५० ग्रॅमची ट्यूब देऊन 'भरपूर लावा' म्हणण्यात अर्थ नाही.

४. सोरायसिसच्या प्रत्येक रुग्णाला दर भेटीत सकाळच्या आखडलेल्या सांध्यांबद्दल विचारावं. एका प्रश्नाला अर्धं मिनिट लागतं. दहा प्रश्नांचा कागद पुन्हा सुरू करावा.

५. शाळेसाठी, कामाच्या जागेसाठी 'हा आजार संसर्गजन्य नाही' असं पत्र मागितल्यावर मिळावं, हेलपाटे न घालता.

६. असा निर्णय पुन्हा घ्यायची वेळ आली तर आधी आम्हा रुग्णांना विचारावं. आम्ही दर दोन महिन्यांनी त्याच बाकांवर असतो, शोधायला लांब जावं लागणार नाही.

दोन दिवस जमत नसतील तर एका दिवसाने सुरुवात करावी, मी त्याला हरकत घेणार नाही. पहिल्या आणि तिसऱ्या मागणीवरून मात्र मी मागे हटणार नाही. माझ्यासारख्या आणखी रुग्णांच्या सह्या मी गोळा करते आहे.

या पत्राचं उत्तर मला घरी पाठवू नये. ते त्याच दारावर लावावं, जिथे ती दोन ओळींची सूचना आहे, म्हणजे बाकावरच्या सगळ्यांना वाचता येईल. माझी पुढची तारीख येत्या महिन्याच्या दुसऱ्या मंगळवारी आहे. मी आणि माझा मुलगा दोघेही येणार आहोत.

आपली,
आपल्याच विभागाची एक जुनी रुग्ण